गाठ, सुई आणि त्रिकोणमिती

"तू इंजिनेर होनार ना पोरी? मग येवढं सांग. गाठीला सुई लावली का क्यान्सर अंगभर पसरतो म्हनत्यात. खरं हाये का?"

हा प्रश्न मला आमच्या हॉस्टेलच्या मेसमधल्या मावशींनी मार्च महिन्यात विचारला. रात्रीचे साडेनऊ झाले होते, ताटं घासून झाली होती आणि दुसऱ्या दिवशी माझी युनिट टेस्ट होती. मला उत्तर येत नव्हतं. फूरिए ट्रान्सफॉर्म विचारला असता तर निदान दोन मार्कांचं काहीतरी लिहिलं असतं! "विचारून सांगते" म्हणून मी रूमवर आले आणि मग झोप लागली नाही. असला प्रश्न कुणी उगाच विचारत नाही, हे कळण्याइतकी अक्कल मला आहे.

हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर. ते मिळेपर्यंत लोणावळा-पुणे लोकलच्या बऱ्याच फेऱ्या झाल्या. मावशींना विचारूनच लिहितेय. "नाव घालू नको, बाकी समदं लिही" असं त्यांनी सांगितलंय. आपल्या मेसमध्ये एकापेक्षा जास्त मावशी आहेत, तेव्हा अंदाज बांधत बसू नका.

आधी एका शब्दाबद्दल. मावशी पहिल्यापासून "अंगावर गाठ आलीय" असं म्हणत होत्या आणि मला वाटलं पाठीवर किंवा हातावर असेल. 'अंगावर पाजणे' या शब्दप्रयोगातलं ते 'अंग' आहे, हे मला आईने फोनवर समजावलं. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. तिथे आम्ही 'चेस्ट' म्हणायचो, आणि घरी तर या अवयवाला शब्दच नव्हता. म्हणजे एकीकडे मावशी आडून सांगणार, दुसरीकडे मला ते कळणार नाही, आणि मधल्या मध्ये महिने जाणार. म्हणून या लेखात मी सरळ 'स्तन' असा शब्द वापरणार आहे. मुलांनी पान उलटू नये. एक तर तुमच्या घरी आई आहे, आणि दुसरं म्हणजे हा कॅन्सर पुरुषांनाही होतो. साधारण शंभर रुग्णांत एक पुरुष असतो.

आता मावशींची हकीगत. नाणे मावळातलं त्यांचं गाव. श्रावणात, भातलावणी उरकल्यावर, अंघोळ करताना डाव्या स्तनात हरभऱ्यापेक्षा थोडी मोठी गाठ हाताला लागली. दुखत नव्हती, म्हणून कुणाला सांगितलं नाही. (दुखत नाही म्हणून दुर्लक्ष केलं, हे वाक्य मी नंतर वेटिंग रूममध्ये कितीतरी बायकांकडून ऐकलं. कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही.) दिवाळीनंतर गावातल्या आशाताई एक फॉर्म घेऊन घरोघरी आल्या. त्यात बी.पी., तंबाखू वगैरे प्रश्नांबरोबर 'स्तनात गाठ आहे का, स्तनाग्रातून रक्तमिश्रित स्राव येतो का, आकारात बदल झालाय का' असेही प्रश्न असतात. मावशींनी पहिल्यांदा कुणाला तरी 'हो' म्हटलं.

मग त्या एका ठिकाणी गेल्या. ठिकाणाचं नाव लिहीत नाही. तिथे हाताने गाठ चाचपून, सोनोग्राफी न करता, बारीक सुई घालून पाणी काढतात तसं काढलं. रिपोर्ट आला. तो इंग्रजीत होता आणि मावशींच्या मुलाने वाचून सांगितलं, "काही सापडलं नाही." सगळ्यांनी एकवीरेला नारळ फोडला.

तो रिपोर्ट मी मार्चमध्ये पाहिला. त्यात 'काही सापडलं नाही' असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. 'नमुना निदानासाठी अपुरा' असं लिहिलं होतं. लॅबमध्ये मल्टिमीटरचा प्रोब नीट टेकलेला नसताना शून्य रीडिंग आलं तर आपण 'व्होल्टेज नाही' असं जर्नलमध्ये लिहितो का? (लिहितो. पण लिहायला नको!) सुई गाठीत गेलीच नसेल, शेजारच्या चरबीत गेली असेल, तर चरबीत कॅन्सर नाही एवढंच कळतं. सगळा प्रश्न इथेच आहे: सुईचं टोक नेमकं कुठे आहे? आणि या प्रश्नाला मला वाटतं डॉक्टरांइतकंच इंजिनियरांनी उत्तर दिलेलं आहे. 'चित्र बघून सुई' म्हणजे इमेज गाइडेड बायोप्सी ती हीच.

आकडा बघा. अमेरिकेत बऱ्याच अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून २०१० मध्ये जे प्रसिद्ध झालं, त्यानुसार नुसतं हाताने चाचपून जाड सुईने तुकडा काढला, तर असलेल्या शंभर कॅन्सरपैकी ८६ च्या आसपास सापडतात. तीच सुई सोनोग्राफी किंवा एक्स-रेच्या चित्रावर बघत घातली, तर ९७-९८. ऑपरेशन करून गाठ काढून तपासली तर ९८-९९. म्हणजे चित्राची मदत घेतली की जवळजवळ ऑपरेशनइतकी खात्री मिळते, आणि तीही दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून, भूल फक्त त्या जागेपुरती. मधले ते अकरा-बारा टक्के म्हणजे नुसत्या 'कुठे' या प्रश्नाची किंमत आहे.

आमच्या रेक्टर मॅडमनी फोनाफोनी केली आणि एप्रिलमध्ये पुण्यातल्या एका रुग्णालयात मावशींना तारीख मिळाली. सकाळच्या लोकलने गेलो. मावशी कामशेतला चढल्या, डब्यात भाकरी आणि पिठलं घेऊन. मला म्हणाल्या, "तू परीक्षा बुडवून आलीस का?" परीक्षा नव्हती, प्रॅक्टिकल होतं. ते सांगितलं नाही.

सोनोग्राफीच्या खोलीत रेडिओलॉजिस्ट मॅडमनी मला स्क्रीनच्या बाजूला उभं राहू दिलं. ई अँड टीसीची आहे म्हटल्यावर त्यांनी उलट मलाच व्हायवा घेतल्यासारखं विचारायला सुरुवात केली. "ही प्रोब किती मेगाहर्ट्झची असेल?" पोटाच्या सोनोग्राफीला ३ ते ५ मेगाहर्ट्झ वापरतात, स्तनासाठी १० किंवा त्याहून जास्त. कारण शरीरातल्या मऊ भागात आवाजाचा वेग सेकंदाला साधारण १५४० मीटर धरतात. त्याला १० मेगाहर्ट्झने भागलं की तरंगलांबी येते ०.१५४ मिलिमीटर. तरंगलांबी जेवढी लहान तेवढा बारीक तपशील दिसतो. मग ५० मेगाहर्ट्झ का नाही? कारण फ्रिक्वेन्सी वाढवली की लहर लवकर विरते, खोल जातच नाही. स्तनाला खोली फार लागत नाही, तीन-चार सेंटीमीटर पुरतात, म्हणून हा सौदा परवडतो. बँडविड्थ आणि रेंजचं भांडण इथेही आहेच. दोन सेंटीमीटरवरच्या गाठीवर आपटून आवाज परत यायला २६ मायक्रोसेकंद लागतात, तो वेळ मोजून मशीन खोली ठरवतं. लोणावळ्याच्या दरीत ओरडून प्रतिध्वनी ऐकतो तेच, फक्त खूप घाईत.

स्क्रीनवर मावशींची गाठ दिसली. डावा स्तन, घड्याळाचा काटा दोनवर, स्तनाग्रापासून चार सेंटीमीटर. जागा अशीच लिहितात, स्तनाला घड्याळ समजून, म्हणजे उद्या दुसरा डॉक्टर आला तरी त्याच जागी पोचेल. मोठी बाजू १७ मिलिमीटर. नुसती पाण्याची पिशवी असेल तर आतून स्वच्छ काळी, गुळगुळीत कडांची दिसते आणि तिच्यामागचा भाग उजळतो. तरुण मुलींमध्ये सर्रास आढळणारी फायब्रोअ‍ॅडिनोमाची निरुपद्रवी गाठ आडवी, लंबगोल, कडेला व्यवस्थित असते. मावशींची गाठ रुंदीपेक्षा उंचीला जास्त होती आणि कडा ओबडधोबड होत्या. मला त्यातलं काही कळलं नसतं, मॅडमनी बोट ठेवून दाखवलं.

रिपोर्टवर 'बायरॅड्स ४' असं लिहिलं गेलं. ही अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्टांनी १९९३ मध्ये केलेली श्रेणी, ० ते ६. तीन म्हणजे कॅन्सरची शक्यता २ टक्के किंवा कमी. पाच म्हणजे ९५ टक्के किंवा जास्त. आणि चार म्हणजे या दोन्हींच्या मधलं सगळं! २ टक्क्यांपासून ९५ टक्क्यांपर्यंत एकच खण. मला हे ऐकून धक्काच बसला, कारण हे म्हणजे 'रिझल्ट पास किंवा नापास लागेल' असं सांगण्यासारखं आहे. पण विचार केल्यावर पटलं. चार म्हणजे चित्र प्रामाणिकपणे सांगतंय की मला यापुढचं दिसत नाही, सुईला विचारा. चित्राने फक्त वाट दाखवायची, निकाल पेशींनी द्यायचा.

मग सुई. १४ गेजची, म्हणजे बाहेरून २.१ मिलिमीटर जाड. दिसायला भीतीदायक आहे, खोटं कशाला सांगू. आत एक सळई असते, तिच्या टोकाजवळ खाच असते, आणि सळईवरून सरकणारी धारदार नळी असते. स्प्रिंग सुटली की सळई पुढे जाते, खाचेत मांस बसतं, लगेच मागून नळी येऊन ते कापून बंद करते. सगळं मिळून डोळ्याचं पातं लवायच्या आत. स्प्रिंगवर चालणारी ही 'गन' १९८० च्या दशकात स्वीडनच्या पेर गुन्नार लिंडग्रेन यांनी प्रचारात आणली. मेकॅनिकलवाल्यांनी बघण्यासारखी वस्तू आहे.

मॅडमनी आधी ती हवेत उडवून मावशींना आवाज ऐकवला. खट्! नाहीतर आत असताना माणूस दचकतो आणि हलतो. मला तो स्टेपलरसारखा वाटला. मावशी म्हणाल्या, "ग्यासच्या लायटरगत हाये." आणि त्यानंतर त्या घाबरल्या नाहीत. रोज शंभर वेळा ऐकलेला आवाज तो.

जागा बधिर करायचं इंजेक्शन दिल्यावर मॅडमनी सुई बाजूने, जवळजवळ आडवी घातली. माझ्या मनात आलं, गाठ खाली आहे तर वरून सरळ का नाही घालत? त्याची दोन कारणं, आणि दोन्ही मला फार आवडली. पहिलं म्हणजे प्रोब वरून आवाज सोडते. सुई त्या आवाजाला काटकोनात, म्हणजे प्रोबच्या पृष्ठभागाला समांतर असेल तरच परावर्तन सरळ परत प्रोबकडे येतं आणि सुई पांढऱ्या रेघेसारखी चमकते. सुई तिरकी असेल तर आवाज भलतीकडे उसळतो आणि सुई असूनही दिसत नाही. आरशावर तिरका टॉर्च मारला की प्रकाश आपल्या डोळ्यात येत नाही तसं. दुसरं कारण म्हणजे स्तनाच्या मागे बरगड्या आणि त्यांच्यामागे फुफ्फुस आहे. गन सुटल्यावर सुई दोन सेंटीमीटरच्या आसपास पुढे उडी मारते. ती उडी छातीच्या दिशेने नव्हे, छातीला समांतर हवी. म्हणजे दिसण्यासाठी जी दिशा बरोबर, सुरक्षिततेसाठीही तीच बरोबर. असं जुळून येणं आपल्या सिलॅबसमध्ये फार क्वचित होतं.

खट्, असं चार वेळा झालं. दरवेळी सुटण्याआधी आणि नंतर चित्र गोठवून ठेवलं, सुई गाठीच्या आरपार गेलीय याचा पुरावा म्हणून. शेवयांसारखे चार पांढुरके तुकडे फॉर्मालिनच्या बाटलीत गेले. दहा मिनिटं जागा दाबून धरली, पट्टी लावली. चहा प्यायलो. मी नंतर "दुखलं नाही ना?" असं विचारलं तर मावशी म्हणाल्या, "दुखलं नाही आसं लिहू नको. थोडं दुखलं आसं लिही. नायतर एखादी बाई मला शिव्या देईल."

रिपोर्टला नऊ दिवस लागले. एवढे का, म्हणून आम्ही वैतागलो होतो. पण तुकडा फॉर्मालिनमध्ये किमान सहा तास मुरावा लागतो, ७२ तासांपेक्षा जास्त राहूनही चालत नाही, मग मेणात बसवून तीन-चार मायक्रॉनचे काप काढतात, रंगवतात, पॅथॉलॉजिस्ट बघतात. कॅन्सर दिसला तर पुढे ई.आर., पी.आर. आणि हर-टू या तपासण्या होतात, कारण त्यांच्यावर औषध ठरतं. बारीक सुईने नुसत्या सुट्या पेशी मिळतात. विटांचा ढीग बघून घराचा नकाशा सांगता येत नाही, तसं सुट्या पेशींवरून कॅन्सर दुधाच्या नलिकेच्या आतच आहे की भिंत फोडून बाहेर पडलाय, हे सांगता येत नाही. जाड सुईच्या तुकड्यात भिंतीसकट सगळं दिसतं.

मावशींचा रिपोर्ट कॅन्सरचा आला. ई.आर. पॉझिटिव्ह. गाठ दोन सेंटीमीटरच्या आत, आणि ऑपरेशनच्या वेळी काखेतल्या गाठी स्वच्छ निघाल्या, म्हणजे पहिली स्टेज. स्तन पूर्ण काढावा लागला नाही. सध्या रेडिएशन चालू आहे. मेसमध्ये भाकऱ्यांना आता दुसऱ्या काकू आहेत, आणि भाकऱ्या जाड होतात अशी तक्रार करणाऱ्यांना हे कारण माहीत असावं.

मावशींची गाठ निदान हाताला लागत होती. पण हाताला लागायच्या आधीच सापडली तर? मॅमोग्राफीत, म्हणजे स्तन दोन प्लेटींमध्ये दाबून कमी शक्तीच्या एक्स-रेने काढलेल्या फोटोत, कधीकधी मिठाच्या कणांसारखे चुन्याचे ठिपके दिसतात. सगळेच ठिपके वाईट नसतात, पण एकाच जागी बारीक, वेडेवाकडे, दाटीने आले तर ती नलिकेच्या आतल्या कॅन्सरची पहिली खूण असू शकते. हे ठिपके सोनोग्राफीत बऱ्याचदा दिसत नाहीत आणि हाताला तर लागतच नाहीत. एक्स-रे सपाट असतो. डावी-उजवी, वर-खाली जागा कळते, खोली कळत नाही. सुई किती आत घालायची?

इथे सिव्हिलवाले जागे होतील. अंगठा डोळ्यांसमोर धरा, मागे लोणावळ्यातला कुठलाही डोंगर घ्या, आणि आधी एक डोळा मिटा, मग दुसरा. डोंगर जागच्या जागी राहतो, अंगठा उडी मारतो. अंगठा जेवढा जवळ, उडी तेवढी मोठी. स्टिरिओटॅक्टिक बायोप्सीत एक्स-रेची ट्यूब एकदा १५ अंश डावीकडे आणि एकदा १५ अंश उजवीकडे नेऊन दोन फोटो काढतात. ठिपका दोन फोटोंत वेगवेगळ्या जागी पडतो. दोन जागांमधलं अंतर भागिले '२ टॅन १५ अंश', म्हणजे भागिले ०.५३६, की ठिपक्याची प्लेटपासूनची उंची मिळते. अंतर १६ मिलिमीटर असेल तर उंची ३० मिलिमीटर. बस्स! दहावीची त्रिकोणमिती.

मी आणि माझ्या रूममेटने हे रूममध्ये करून बघितलं. टेबलावर ग्राफ पेपर, खोडरबरात खोचलेली टाचणी, टाचणीचं डोकं कागदापासून बरोबर ३० मिलिमीटर उंच. मोबाइलचा टॉर्च दोन फुटांवरून, कंपासने कोन मोजून, १५ अंश इकडून आणि १५ अंश तिकडून. दोन सावल्यांमधलं अंतर १६ यायला हवं होतं, आलं जवळजवळ १७. आम्ही तीन वेळा केलं, तरी १७च. मग लक्षात आलं की सूत्रात किरण समांतर धरलेत आणि आमचा टॉर्च जवळ होता, त्यामुळे सावली फाकत होती. खऱ्या मशीनमध्येही ट्यूब प्लेटपासून ६५ सेंटीमीटरच्या आसपासच असते, म्हणजे आमच्या दोन फुटांइतकीच. म्हणून तिथला कॉम्प्युटर हे फाकणं हिशोबात धरूनच उत्तर देतो आणि मिलिमीटरभराच्या अचूकतेने सुई पोचते. तुकडे काढल्यावर त्यांचाच पुन्हा एक्स-रे घेतात. तुकड्यांत चुन्याचे ठिपके दिसले तरच बरोबर जागेवरून काढले. आणि जागा नंतर हरवू नये म्हणून आत टिटॅनियमची दोन-तीन मिलिमीटरची क्लिप ठेवून देतात.

ही पद्धत स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत १९७० च्या दशकात तयार झाली. १९९० मध्ये अमेरिकेतल्या स्टीव्ह पार्कर यांनी तिला स्वयंचलित गन आणि १४ गेजची सुई जोडली, आणि १९९० च्या दशकाच्या मध्यावर निर्वाताने मांस ओढून घेणारी 'मॅमोटोम' आली. त्याआधी काय होतं ते वाचून मी सुन्न झाले. बाईला गाठ आहे, मग तिला पूर्ण भूल द्यायची, टेबलावरच गाठ काढून बर्फासारखी गोठवून तपासायची, आणि कॅन्सर निघाला तर तिथल्या तिथे स्तन काढून टाकायचा. शुद्धीवर आल्यावर हात लावून बघायचा, आहे की नाही. १९७४ मध्ये रोझ कुश्नर नावाच्या अमेरिकन पत्रकार बाईंनी हे आपल्यावर करू द्यायला नकार दिला, आधी निदान सांगा, मग माझी परवानगी घ्या, असं म्हणत त्या भांडल्या. १९७९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या परिषदेने निदान आणि ऑपरेशन हे दोन वेगळे टप्पे करावेत अशी शिफारस केली. सुईला घाबरणाऱ्या बाईला मी आता आधी हे सांगते.

आणि आता मावशींचा मूळ प्रश्न. सुईने पसरतो का?

खरं खरं उत्तर असं. सुईच्या वाटेवर काही पेशी सरकलेल्या कधीकधी मायक्रोस्कोपखाली दिसतात, हे डॉक्टर लपवत नाहीत. पण तिथे त्या बहुतेक जगत नाहीत. सुईनंतर जितके जास्त दिवस जातात तितक्या त्या कमी सापडतात. नंतर ऑपरेशन आणि रेडिएशन त्याच भागावर होतं. आणि सुईने तपासणी झालेल्या बायका त्यामुळे लवकर दगावतात, असं इतक्या वर्षांत आढळलेलं नाही. मग हा समज आला कुठून? मला वाटतं तो उशिरातून आला. गाठ वर्षभर दाबून ठेवायची, ती काखेपर्यंत गेल्यावर सुई लावायची, आणि महिनाभरात बाई खंगली की नाव सुईचं! फ्यूज आधीच उडालेला असतो, आपण टेस्टर लावतो आणि दिवा लागत नाही, तर टेस्टरने लाइट घालवली असं कुणी म्हणत नाही.

उशिराचं हे गणित मुंबईत मोजलं गेलंय. टाटा मेमोरियल हॉस्पिटलने १९९८ मध्ये मुंबईतल्या २० वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ बायका निवडल्या. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षण दिलेल्या महिला आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, चार वेळा, नुसत्या हाताने स्तन तपासले. मशीन नाही, मॅमोग्राफी नाही. उरलेल्या वस्त्यांत फक्त माहिती दिली. वीस वर्षं पाठपुरावा करून २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्या बायकांत कॅन्सर तिसऱ्या-चौथ्या स्टेजला सापडण्याचं प्रमाण ३७ टक्के, दुसऱ्या गटात ४७. पन्नाशीच्या पुढच्या बायकांत या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्यांत मात्र असा फायदा दिसला नाही, तेही सांगायला हवं. पण हाताने गाठ सापडल्यावर त्या बायकांना पुढे निदानाची सोय होती, हा त्यातला अर्धा भाग लोक विसरतात. हात फक्त संशय घेतो.

मावळात हाच पुढचा अर्धा भाग अवघड आहे. सरकारच्या २०१६ च्या आराखड्याप्रमाणे तिशीच्या पुढच्या प्रत्येक बाईची दर पाच वर्षांनी स्तनतपासणी व्हायला हवी. प्रत्यक्षात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी अशी तपासणी कधी तरी झालेल्या देशभरात शंभरात एकसुद्धा भरल्या नाहीत. २०२२ च्या अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना हा कॅन्सर होतो आणि ९८ हजार जातात. 'हा शहरातला आजार' असं गावात म्हणतात. बार्शीला १९८७ पासून ग्रामीण भागाची कर्करोग नोंदणी चालते, देशातली अशी पहिली; तिथे हे प्रमाण मुंबईपेक्षा कमी आहे, पण कमी म्हणजे शून्य नव्हे.

माझ्या डोक्यात लगेच प्रोजेक्ट आला: छोटं सोनोग्राफी मशीन जीपमध्ये घालून आंदर मावळ, पवन मावळ फिरायचं! गाइड सरांनी दोन मिनिटांत हवा काढली. गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी आपल्या महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात सर्वांत आधी कायदा केला, मग १९९४ चा केंद्राचा कायदा आला. त्याखाली प्रत्येक सोनोग्राफी मशीनची नोंदणी लागते, आणि सुटसुटीत मशीन इकडून तिकडे न्यायला कडक बंधनं आहेत. कॉलेजला प्रयोगासाठी म्हणून मशीन आणायचं तरी सोपं नाही. मुलींचा गर्भ वाचवण्यासाठी केलेला कायदा त्याच मुलींच्या आयांपर्यंत मशीन पोचणं अवघड करतो. कायदा चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही, ज्या कारणाने तो झाला ते कारण संपलेलं नाही. पण मग बाईला मशीनपर्यंत आणायची जबाबदारी कुणाची तरी हवी. एस.टी., मग लोकल, मग रिक्षा, एका दिवसाची मजुरी बुडणार, सोबतीला कुणीतरी हवं. मावशींच्या बाबतीत त्यांना या सोबतीसाठीच पाच महिने थांबावं लागलं, असं माझं मत झालंय. तळेगावला मेडिकल कॉलेजचं डॉ. भाऊसाहेब सरदेसाई रुग्णालय आहे, पुण्याला ससून आहे, आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरच्या उपचारांचा समावेश आहे. पत्ते आहेत, वाटेवर सोबत नसते.

हॉस्टेलच्या मुलींसाठी थोडं. आपल्या वयात सापडणारी गाठ बहुतेक वेळा निरुपद्रवी असते. तरी दाखवायची. या वयात आधी सोनोग्राफी करतात, मॅमोग्राफी नाही, कारण तरुण स्तन दाट असतो आणि एक्स-रेत सगळंच पांढरं दिसतं.

कुणाबरोबर बायोप्सीला जाणार असाल तर आमच्या अनुभवातून एवढं. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा. जुने सगळे रिपोर्ट आणि फिल्म न्या. पुढून बटणं असलेला ब्लाउज किंवा कुर्ता घालायला सांगा आणि नंतर घालायला घट्ट ब्रा न्या. बर्फाची पिशवी रुमालात गुंडाळून लावायची. एक दिवस जड काही उचलायचं नाही, हंडा तर नाहीच. रिपोर्टवर 'अपुरा' असा शब्द असेल, किंवा चित्र संशयास्पद आणि रिपोर्ट मात्र चांगला असं उलटसुलट आलं, तर पुन्हा करायची तयारी ठेवा. आणि पुढे दुसऱ्या हॉस्पिटलात, समजा परळला टाटाला, जायचं ठरलं तर नुसता रिपोर्टचा कागद पुरत नाही. लॅबमधून काचेच्या स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक मागून घ्यायचा असतो. तो मिळतो, त्यासाठी अर्ज करावा लागतो. आमचा तो अर्ज मी प्लॅटफॉर्मवर बसून लिहिला होता, मराठीत, आणि लॅबवाल्यांनी तो घेतला.